चंद्रमौळी टॉकीजचं ऑडिट

पोपडा पडला तो थेट एका मोटारसायकलच्या सीटवर. चांगला परातीएवढा होता. गाडीचा मालक समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता म्हणून वाचला. त्यानं भांडण केलं नाही. फक्त फोटो काढला आणि व्हॉट्सअपवर टाकला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या धाराशिवनं तो पाहिला. काही दिवसांत नगरपालिकेची नोटीस निघाली: चंद्रमौळी टॉकीजच्या मालकांनी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून रिपोर्ट सादर करावा.

नोटीस घेऊन बसवराज माझ्या ऑफिसात आला. पंचेचाळिशीचा, शांत बोलणारा माणूस. टॉकीज त्याच्या आजोबांनी बांधलेली. मालकी आईच्या नावावर, कारभार त्याच्याकडं.

"मॅडम, सिनेमा बंद पडून लई वर्षं झाली," तो म्हणाला. "समोरचा लॉज आन् खालची दुकानं तेवढी चालू हायत. तुम्ही एकदा बघून घ्या आन् धोकादायक म्हणून लिहून द्या. सगळंच पाडतो. कॉम्प्लेक्स बांधायला एक पार्टी तयार हाय."

"बघितल्यावर काय ते लिहीन."

"बघा की. पण बघायचं काय त्यात? जुनी हाय, दगडाची हाय."

खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे इमारत दिसते कशी याच्याशी माझा संबंध नाही, ती उभी कशी राहते एवढंच मी बघते. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीची तब्येत तपासणं. डॉक्टर नाडी बघतो, रक्त काढतो, एक्स-रे काढतो. आम्ही तेच भिंतींचं आणि स्लॅबचं करतो.

आणि दगडी भिंतीवर माझा विश्वास नाही. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी नुकताच डिप्लोमा केला होता. पहिली नोकरी लागली ती सास्तूरला, घरं पुन्हा बांधायच्या कामावर. तिथं मी पडलेल्या भिंती पाहिल्या. हातभर जाडीच्या, बाहेरून भक्कम दिसणाऱ्या. पण त्या एक भिंत नव्हत्याच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. जमीन हलली तसे दोन्ही थर सुटले आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं जड छप्पर, माणसांवर आलं. त्यानंतर कुणी मला कौतुकानं जुनं दगडी बांधकाम दाखवायला लागलं की मी आधी बाहेर जायचं दार शोधते.

तर अशा मनानं मी चंद्रमौळी टॉकीज बघायला गेले. नाव वाचून हसू आलं. चंद्रमौळी हे शंकराचं नाव. पण छपरातून चांदणं दिसेल अशा मोडक्या घरालाही आपण चंद्रमौळीच म्हणतो.

तो रस्ता जुन्या लोकांच्या तोंडी अजून टॉकीज गल्लीच आहे. पूर्वी तिथं एकाला लागून एक अशी करमणुकीची ठिकाणं होती. आता एकाचं मंगल कार्यालय झालंय, एकात खताचं गोडाऊन आहे, एक पाडून तिथं मोबाईलची दुकानं झाली. चंद्रमौळी तेवढी उभी. तीसुद्धा रस्त्यावरून दिसत नव्हती. दिसत होता तो लॉज. तीन मजली, कॉंक्रीटचा, पिवळ्या रंगाचा. खाली दुकानं, वर खोल्या, गच्चीवर पाण्याची मोठी टाकी. दोन दुकानांच्या मधून बोळासारखी वाट आत जायची, त्या वाटेच्या शेवटी टॉकीजचं दार.

दार उघडलं तेव्हा आत एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळाला विभूती, हातात झाडू.

"ही माझी अव्वा," बसवराज म्हणाला. त्यांच्या घरात कानडीही चालते, आईला अव्वा म्हणतात.

"महानंदा," बाई म्हणाल्या. "समदे आक्का म्हणत्यात, तुमीबी म्हणा. जरा थांबा, तिकडं धूळ झालीय. झाडून घिऊ द्या."

"आक्का, मला धूळच बघायचीय," मी म्हणाले. "भिंतीतून माती गळते का ते धुळीवरून कळतं."

त्यांनी झाडू बाजूला ठेवला. "मग म्या रोजच चुकतेय म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागं मागं फिरायला लागल्या.

हॉल मोठा होता. वर लोखंडी कैच्या, त्यावर पत्रा. कैची म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेला छपराचा सांगाडा. पत्रा काही ठिकाणी गंजला होता, कैच्या नाही. ही पहिली चांगली गोष्ट. डोक्यावर वजन कमी. मी भिंतीकडं वळले. एका बाजूच्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, लोखंडी कड्या होत्या. ओळीनं, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मी एकदम सावध झाले. जुन्या इमारतीत भिंत बाहेर कलायला लागली की लोखंडी सळई आरपार घालून तिला ओढून धरतात. त्या सळईची टोकं अशीच दिसतात.

"आक्का, ही भिंत कधी कलली होती का? तिला बांधून घेतलंय का?"

"न्हाय वो. त्या झोळीच्या कड्या हायत."

"कसल्या?"

"ही जनाना बाजू. बायका इकडं बसायच्या. लेकरं रडायला लागली की बाई उठून बाहीर जायची, तिचा अर्धा सिनेमा बुडायचा. म्हणून सासऱ्यांनी भिंतीत कड्या घातल्या. लुगड्याची झोळी एका कडीपासून दुसरीला बांधायची, लेकरू त्यात टाकायचं, आन् पडद्याकडं बघत एका हातानं हालवायचं. भरल्या खेळाला समदी भिंत झोळ्यांनी हालायची."

मी इतकी वर्षं इमारती बघतेय. नाट्यगृहं, सभागृहं, दोन-तीन मल्टिप्लेक्सही. लेकुरवाळ्या बाईची सोय भिंतीतच केलेली मी तोवर कुठंच पाहिली नव्हती.

कड्या बाजूला ठेवून मी कामाला लागले. प्लास्टर एका ठिकाणी खरवडायला लावलं. आत चुना. माती नाही, चुना. आणि ठरावीक अंतरावर एक लांब दगड, भिंतीच्या आतल्या अंगापासून बाहेरच्या अंगापर्यंत आरपार गेलेला. मी मागच्या गल्लीत जाऊन त्याच उंचीवर बाहेरून पाहिलं. त्याच दगडाचं दुसरं टोक तिथं होतं. या एका दगडामुळं दोन थरांची एक भिंत होते. सास्तूरला आम्ही गवंड्यांना हेच शिकवत होतो.

मग मी दारांकडं पाहिलं. त्या हॉलला दारं फार होती. दारांच्या डोक्यावर सागवानी तुळई होती, आणि ती दार संपलं तरी थांबत नव्हती. भिंतीतून पुढं जात होती. कोपऱ्यात दुसऱ्या तुळईला खाचेत बसवलेली. अख्ख्या हॉलला कमरपट्ट्यासारखी फिरलेली.

सास्तूरला आम्ही प्रत्येक घराला दारांच्या वरून कॉंक्रीटचा पट्टा फिरवत होतो. भूकंपात चारही भिंतींनी एकमेकींचा हात धरून ठेवावा म्हणून. इथं तो पट्टा लाकडाचा होता आणि माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं होता.

"आक्का, हे लाकूड असं सगळीकडून कुणी फिरवायला सांगितलं?"

"सासऱ्यांनीच. आधी हितं नाटकं व्हायची, सिनेमा मागून आला. पडदे, दोऱ्या, दिवे कुठंबी बांधता यावं म्हणून लाकूड फिरवलं म्हणायचे."

म्हणजे भूकंपाचा विचार करून नव्हतं केलेलं. मला ते जास्त आवडलं. कामाच्या गरजा नीट ओळखून केलेलं बांधकाम पुष्कळदा न मागितलेल्या संकटातही टिकतं.

आता लॉज. लॉजमध्ये मला चांगलं वाटेल असं काही दिसलं नाही. बाथरूमखालच्या स्लॅबला ओल. पिलरवर उभ्या चिरा, सळईच्या रेषेत. सळई गंजली की फुगते आणि आतून कॉंक्रीट फोडते. पोपडे पडतात ते त्यामुळं. मी एका पिलरमध्ये बारीक भोक पाडून त्यावर एक औषध फवारलं. ते अगदी पाण्यासारखं दिसतं. कॉंक्रीट निरोगी असेल तर लगेच गुलाबी होतं. निरोगी नसेल तर काहीच होत नाही.

आम्ही वाट बघितली. काहीच झालं नाही.

"रंग येत न्हाय," बसवराज म्हणाला.

"येणार नाही. आतल्या सळईला गंजापासून वाचवायची ताकद या कॉंक्रीटमध्ये उरलेली नाही."

पुढचे पिलर, मागचे पिलर, मी सगळीकडं फवारलं. एका ठिकाणी फिकट गुलाबी आलं, तेवढंच.

मग पायाजवळ खड्डे घेतले. एक लॉजच्या पिलरशी, एक हॉलच्या भिंतीशी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला की इमारत दरवर्षी थोडी वर-खाली होते. हॉलचा पाया काळी माती ओलांडून, मुरूम ओलांडून, खाली कठीण दगडावर बसला होता. लॉजचा पाया काळ्या मातीतच थांबला होता.

दोन्ही इमारती जिथं चिकटल्या होत्या तिथं एक उभी भेग होती. तिच्यावर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. भेग हलत नसेल तर काच तशीच राहते. हलत असेल तर तडकते. पट्ट्या लावल्या तेव्हा उन्हाळा संपत आला होता. पावसाला महिना झाला न झाला तोच बसवराजचा फोन आला. सगळ्या तडकल्या होत्या.

दरम्यान मी चार-सहा वेळा तिथं गेले. दर वेळी आक्का खुर्ची घेऊन बसलेल्या असत. मोजमाप घेताना मी त्यांना बोलतं करायची. आधी वेळ जावा म्हणून, नंतर ऐकावंसं वाटायचं म्हणून.

त्यांचे सासरे उमरग्याकडचे, धान्याचे व्यापारी. नाटकाचा नाद. त्यांच्या तरुणपणी, निजामाचं राज्य होतं तेव्हा, एका उरुसात ते कनातीच्या थेटरात नाटक बघत होते. कनातीला आग लागली. जायला वाट एकच. पुरुष निघाले. बायका मागच्या बाजूला पडद्याआड बसवलेल्या, त्यांना वाट सापडेना. सासऱ्यांनी दुसऱ्या दोघांना घेऊन मागून कनात फाडली आणि बायकांना बाहेर काढलं. सगळ्या निघाल्या नाहीत.

"ते आम्हाला लई सांगत नव्हते त्याबद्दल," आक्का म्हणाल्या. "पण थेटर बांधलं तवा गवंडी म्हणला, शेठ, इतकी दारं कशापायी, भिंत कमजोर व्हईल. तर म्हणले, भिंत तू जाड कर, दारं कमी करायची न्हाईत. आन् जनान्याला सोतंत्र दार ठेवलं, मागच्या गल्लीत उघडणारं. बायकांनी पुरुषांच्या गर्दीतून जायचंच न्हाय."

गवंडी नळदुर्गकडून आणले होते. किल्ल्याच्या दगडावर हात बसलेले. बाकी थेटरं पत्र्याची, कनातीची होती. हे पहिलं दगडाचं. पुढं नाटक कंपन्या येईनाशा झाल्या, सिनेमा आला. शेजारच्या टॉकीजमध्ये बायकांनी जायचं म्हणजे घरातला पुरुष सोबत लागायचा. चंद्रमौळीत बायका बायकाच यायच्या. ढोकीहून साखर कारखान्यावरच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या. येरमाळ्याच्या जत्रेहून परतणाऱ्या बायका आदल्या दिवशी निरोप धाडून जागा धरायच्या.

"आन् बायकांच्या खिडकीवर म्या बसायचे," आक्का म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवा सोळाची असंन. सासरे म्हणले, तिकीट द्यायला बाई पायजे, बाप्याला बघून त्या लाजत्यात. लोक म्हणले, शेठनं सुनेला खिडकीत बसवलं. लई बोलले. सासरे म्हणले, बोलून दमतील. दमले."

ही बाई नवरा गेल्यावरही टॉकीज बंद पडेपर्यंत त्याच खिडकीवर बसली.

भूकंपाचं मीच विचारलं. मला भिंतींबद्दल जाणून घ्यायचं होतं: तेव्हा कुठं चीर पडली का? चीर पडली नव्हती. पण आक्कांनी दुसरंच सांगितलं. सास्तूरकडची जखमी माणसं गाडीगाडीनं धाराशिवच्या दवाखान्यात आणली होती. त्यांच्या सोबतच्या बायका आणि लेकरं रस्त्याच्या कडेला बसून होती. पाऊस सुरू झाला. आक्कांनी टॉकीजचे खेळ बंद केले, दारं सगळी उघडली आणि म्हणाल्या, आत या. कुणी येईना. छप्पर बघितलं की बायका मागं सरायच्या. दगडी भिंत बघून तर दोघी रडायलाच लागल्या.

"मग काय केलंत?"

"काय करायचं? माझं अंथरूण आणलं. बसवराज तवा शाळंत जात होता, त्याला घितलं. मधोमध आंथरलं आन् दोघं मायलेकरं झोपलो. दारं समदी उघडी. म्हणलं, ज्याला ज्या दारातून पळायचं त्यानं पळावं. दोन-तीन घंट्यांनी एक म्हातारी आली. मग दुसरी. मग लेकरं."

"तुम्हाला भीती वाटली नाही?"

"लई वाटली. जमीन अजून मधूनच हालायची की. पण म्या भ्यालेली दिसले असते तर त्या आत आल्या असत्या का?"

त्यानंतर काही महिन्यांतच मी सास्तूरला पडलेल्या भिंतींचे दगड मोजत होते. या हॉलात लोक होते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

रिपोर्ट तयार झाला. नगरपालिकेत देण्याआधी मी बसवराजला ऑफिसात बोलावलं. सोबत ती कॉम्प्लेक्सवाली पार्टी, म्हणजे एक बिल्डरही आले. सभ्य माणूस होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

"हॉलला काही झालेलं नाही," मी सांगितलं. "पत्रा बदला, चुन्याचं प्लास्टर दुरुस्त करा, तो अजून दोन पिढ्या बघेल. लॉज धोकादायक आहे. तो उतरवावा लागेल. दुरुस्तीच्या पलीकडं गेलाय."

बसवराजनं रिपोर्ट हातात घेऊन चाळला. मग म्हणाला, "मॅडम, लॉजवर आन् दुकानांवर घर चालतंय. हॉल कुणाला खायला घालतोय?"

"ते खरंय."

"मग हॉल ठेवून लॉज पाडा म्हणता?"

"मी पाडा-ठेवा म्हणत नाही. कशात धोका आहे एवढंच लिहिते."

बिल्डर म्हणाले, "मॅडम, वेगळं वेगळं कशाला लिहायचं? इमारत एकच आहे, नोटीस एकच आहे. इमारत धोकादायक, एवढं एक वाक्य लिहा. खोटंही होत नाही."

हुशार वाक्य होतं. त्यात खरंच खोटं काही नव्हतं. हॉल चांगला असला तरी मालकाला तो पाडायचा हक्क होता, त्याला माझी हरकत असायचं कारण नव्हतं. पण तो माझ्या सहीच्या आडून पाडायचा, हे मला मान्य नव्हतं.

"इमारती दोन आहेत," मी म्हणाले. "एक दुसरीला चिकटवलीय. मी दोन्हीचं वेगळंच लिहिणार. पुढं काय करायचं ते मालक ठरवतील. मालक आक्का आहेत."

"अव्वाला त्रास व्हईल," बसवराज म्हणाला. "लॉज माझ्या वडलांनी बांधलाय. शेवटच्या दिवसांत. हॉल पडला तर तिला वाईट वाटंल, लॉज पडला तरी वाटंल. त्यापरीस एकदाच समदं जाऊ द्या."

मला त्याचा रागही येईना. तो आईला एकाऐवजी दोन दुःखं देऊ पाहत नव्हता.

तरी मी आणि बसवराज आक्कांकडं गेलो. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. गुलाबी रंग, काळी माती, तडकलेल्या काचा.  त्या उघड्या दारातून लॉजकडं बघत होत्या. त्या लॉजचं नाव महानंदा लॉज. नवऱ्यानं हौसेनं बायकोचं नाव दिलेलं, सिमेंटची अक्षरं करून, दुसऱ्या मजल्यावर.

"एकच सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. "वर खोल्यांत माणसं झोपत्यात. आज झोपली तर चालतंय का?"

असं थेट कुणी विचारत नाही. लोक विचारतात, अजून किती वर्षं काढेल?

"नाही," मी म्हणाले. "पाऊस चालू आहे, टाकी भरलेली आहे. मी माझ्या माणसाला झोपू देणार नाही."

त्या उठल्या. गुडघे दुखत होते, भिंतीला धरून उठल्या. "बसवा," त्या म्हणाल्या, "टाकी मोकळी कर. खोल्या मोकळ्या कर. चल, म्या येते."

"अव्वा, उद्या सकाळी..."

"आज."

आणि त्या स्वतः जिना चढून वर गेल्या. प्रत्येक दार वाजवून प्रत्येक माणसाला हात जोडून सांगितलं. एक औषध कंपनीचा सेल्समन होता, तुळजापूरला देवदर्शनाला निघालेलं एक कुटुंब होतं. कुणाला दुसऱ्या लॉजवर सोडायला रिक्षा बोलावली. त्या कुटुंबाला घरी जेवायला नेलं. मग खाली येऊन दुकानदारांना एकेक करून सांगितलं. शिंप्याचं दुकान तिथं त्यांच्या लग्नाच्याही आधीपासून होतं, पूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये. त्यानं विचारलं, "आक्का, आमी कुठं जायचं?"

"जनाना दाराची गल्ली हाय की. भिंतीला लागून टेबलं मांडा. वर पत्रा टाकून देते. माझ्या सासऱ्याची भिंत हाय, ती पडत न्हाय. बाईंनी लिहून दिलंय."

मी अजून लिहून दिलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात जाऊन दिलं.

पुढं काय करायचं यावर मायलेकरांचं बोलणं झालं ते माझ्यासमोरच. बसवराजनं कॉम्प्लेक्सचा विषय पुन्हा काढला. आक्का म्हणाल्या, "जे धड न्हाय ते पाडायचंय, ते पाड. त्याच्यासंगं जे धड हाय तेबी पाडायचं, ही कुठली रीत?"

"लॉज बाबांनी बांधलाय, अव्वा."

"व्हय. माझं नाव घातलंय त्याच्यावर. म्हणून तर. माझ्या नावाखाली कुणाचं लेकरू मेलं तर?"

त्यानंतर बसवराजनं तो विषय काढला नाही.

पाडकामाबद्दल थोडं सांगते, कारण खरी कसोटी तिथं होती. लॉज बांधताना त्याच्या बीम हॉलच्या दगडी भिंतीत खोचल्या होत्या. बीम म्हणजे स्लॅबचं वजन पेलणारी आडवी कॉंक्रीटची तुळई. नेहमीसारखं मशीन लावून ओढलं असतं तर लॉज पडताना हॉलच्या भिंतीलाही घेऊन पडला असता. म्हणून आम्ही उलट्या क्रमानं गेलो. आधी टाकी, मग वरचा स्लॅब, मग भिंती, असं वरून खाली उतरवत आणलं. सगळ्यात शेवटी बीम. खालून टेकू दिले आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून हिऱ्याच्या करवतीनं एकेक बीम कापली. या करवतीला धक्का नसतो. पाणी सोडत सोडत ती कॉंक्रीट आणि सळई दोन्ही शांतपणे कापते.

पहिली बीम सुटली तेव्हा मी हॉलच्या आत, त्या भिंतीशी उभी होते. भिंतीला हात लावून. इंजिनिअरनं असं करू नये, त्यासाठी यंत्रं असतात आणि ती लावलेलीही होती. पण मी हात लावून उभी राहिले. माझ्या शेजारी बसवराज येऊन उभा राहिला. त्यानंही हात लावला.

करवतीचा आवाज थांबला. बीम टेकूंवर बसली. भिंत जागच्या जागी होती. केसभरही काही हललं नाही.

"लहान होतो तवा हिच्याच भरवशावर झोपलो होतो," बसवराज म्हणाला. एवढंच.

सगळ्या बीम उतरल्यावर टॉकीजचा मूळ दर्शनी भाग उघडा पडला. तो सुंदर निघाला असं म्हणायला मला आवडलं असतं. अर्धा छिन्नीनं टाचे मारून खराब केलेला होता, प्लास्टर चिकटावं म्हणून. चुन्यातला एक मोर धड होता, दुसऱ्याचं डोकं गेलं होतं. कमानीवरचं नाव मात्र वाचता येत होतं. रस्त्यावरची जुनी माणसं काही दिवस येऊन समोर उभी राहायची आणि एकमेकांना कुठली रांग कुठं लागायची ते दाखवायची.

आता तिथं पुढच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांबांचं हलकं एकमजली बांधकाम आहे. हॉलपासून हातभर सुटं. त्याचा पाया मी स्वतः उभी राहून दगडापर्यंत नेलाय. दुकानदार परत आले. शिंपी आला नाही, त्याला गल्लीच बरी वाटते. म्हणतो, सावली असते. लॉज राहिला नाही. दोन वर्षं घराची ओढाताण झाली, ती मी जवळून पाहिली. बसवराजनं त्या काळात कुणाला बोल लावला नाही.

हॉलमध्ये शाळांची गॅदरिंगं होतात, गावातल्या हौशी मंडळींची नाटकं होतात. डिजिटल प्रोजेक्टर आणलाय. आठवड्यात एक खेळ फक्त बायकांसाठी असतो, तो कायम भरतो. त्या खेळाची तिकिटं ऑनलाईन मिळत नाहीत. आक्कांचं म्हणणं, बाईनं बाईचं तोंड बघून तिकीट घ्यावं. त्या खिडकीवर आता बसवराजची बायको बसते, आक्का शेजारी खुर्ची टाकतात. मी जाते अधूनमधून. मला दाराजवळची जागा देतात, माझी सवय त्यांनी ओळखलीय.

बिल्डरनं पुढं मला दुसरी दोन कामं दिली. त्यांचाही राग राहिला नाही.

या कामानंतर माझ्या पद्धतीत एक फरक पडला. पूर्वी मी इमारतीपाशी गेले की पहिलं विचारायची, ही किती जुनी आहे? आता विचारते, यातलं आधीचं काय आणि मागून जोडलेलं काय? उत्तर मिळेपर्यंत हातोडा पिशवीतून काढत नाही. पुष्कळदा मालकालाही ते ठाऊक नसतं. अशा वेळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलावून घ्यावं, आणि तिला बसायला खुर्ची द्यावी. वेळ लागतो.